गाडी खोलण्याची मजुरी

जुनी कॅम्पर व्हॅन दुरुस्तीला आली, की ती खोलून तपासण्याचं काम वेगळं धरा आणि त्याची मजुरीही वेगळी सांगा. ते काम संपेपर्यंत एकूण खर्चाचा आकडा तोंडातून काढू नका. वाचकांकडे या महिन्यात माझं एवढंच मागणं आहे.

निमित्त आहे आमच्या शेडमध्ये आलेल्या 1972 च्या फोक्सवॅगन कॉम्बीचं. युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे अशा गाड्या पार गोव्यापर्यंत येत. 1979 मधल्या उलथापालथीत तो रस्ता बंद झाला. ही गाडी त्याच वाटेनं आलेली, असं मालक सांगतात. रंग झकास होता. आधीच्या गॅरेजनं ‘पत्रा चांगला’ असं लिहूनही दिलं होतं.

सरकत्या दरवाजाखालच्या सिलवर आम्ही लोहचुंबक धरलं, ते चिकटेना. टोचा दाबला तर बोटभर जाडीची पुट्टी निघाली आणि तिच्यामागे पत्राच नव्हता. मग आतलं प्लायवूडचं कपाट सोडवलं. सिंकची नळी सांध्यावर चिरली होती. ते पाणी वर्षानुवर्षं कपाटाखाली मुरत राहिलं आणि तिथला पत्रा हातानं मोडावा असा झाला. कॅम्परमध्ये खरा गंज बाहेरच्या पावसापेक्षा आतल्या सोयींमुळे धरतो. सिंक, पाण्याची टाकी, वर उचलणाऱ्या छताचं रबर, भिंतीत कोंबलेला फोम, सगळं ओल धरून ठेवतं. म्हणून सामान जागेवर ठेवून केलेल्या तपासणीला मी तपासणी म्हणत नाही.

बाकीच्या जागा तुम्हाला ठाऊक आहेत: पुढच्या काचेच्या रबराखालची कड, छताची पन्हळ, बॅटरीचा ट्रे, जॅक लावायच्या जागा.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं. बीटलची बॉडी बोल्ट काढून खालच्या पॅनवरून उचलता येते. कॉम्बीची तशी येत नाही, कारण तिची बॉडी आणि चासी एकत्र वेल्ड केलेली असते. सिलही तिचा भार पेलते. दरवाजे उतरवून सिल कापली की गाडी मध्ये बसते आणि नंतर सरकता दरवाजा कधीच नीट लागत नाही. म्हणून दरवाजे जागेवर असतानाच फटी मोजून लिहून ठेवा, खालून आधार द्या, चौकटीत अँगल टाका, मगच कटर हातात घ्या. घाईत अँगल राहून गेल्याची चूक मी स्वतः एकदा केली आहे. ती गाडी सरळ करायला लागलेला वेळ मी विसरलेलो नाही.

दुसरी घाई आगीशी गाठ घालते. या गाडीची पेट्रोलची टाकी इंजिनखान्याला लागूनच, पत्र्याच्या एका पडद्याआड असते. जुने पेट्रोल पाइप कडक होऊन तडकतात. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, ती एकदा पेटली की पाणी मारून विझत नाही, उलट भडकते. टाकी उतरवून रिकामी केल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडता कामा नये.

पाना लावण्याआधी फोटो काढा. चासी नंबर कागदांशी जुळवा. आमच्या कॉम्बीत पुढच्या सीटमागे, रंगाच्या चार थरांखाली, एक छोटी धातूची पट्टी सापडली. त्यावरच्या आकड्यांत गाडी कधी बनली, कोणत्या देशासाठी, मूळ रंग कोणता, सोबत काय काय बसवलं होतं, हे सगळं असतं. सँडर फिरवणाऱ्याच्या हाती ती आधी लागली असती तर दोन मिनिटांत पुसली गेली असती. सॉल्व्हंट आणि बोळ्यानं ती साफ करायला आमच्या पोरानं अख्खी दुपार घालवली. त्या दुपारची मजुरी मी बिलात लावली आणि ती योग्यच होती असं मला वाटतं.

खोलायला एकंदर अकरा दिवस लागले. प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावून पिशवीत गेला, प्रत्येक भोकाचा फोटो निघाला. मालक सगळं पाहून बराच वेळ गाडीभोवती फिरले, टॉर्च घेऊन खाली वाकले आणि म्हणाले, एवढा खर्च यंदा झेपणार नाही, दिवाळीनंतर बघू. गाडी आता ताडपत्रीखाली उभी आहे. अकरा दिवसांचे पैसे त्यांनी त्याच संध्याकाळी दिले आणि फोटोंची एक प्रत मागून घेतली.