अंतराय कुणाचा?

शिबिरांचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. रांगेत बसलेली माणसं, समोर मांडलेले कृत्रिम पाय, मागे बॅनर आणि बॅनरवर दात्यांची नावं. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून हे काम करतेय, आपल्या समाजानं त्याला सढळ हातानं दिलंय, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. माझं भांडण त्याच्या पुढच्या गोष्टीशी आहे. पाय दिला, पण त्या पायानं माणसानं कुठं जायचं हे ठरवणं आपण आपल्याकडेच ठेवलं. दुकानात बसावं, शिवणयंत्र चालवावं, देवदर्शन करावं. डोंगर चढतो किंवा तलावात नाव घालतो म्हणाला, की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "कशाला नसतं धाडस?"

आपल्याला धाडसाचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही हो. मधुमेह असलेल्या सासूबाई डॉक्टरांना पत्ता लागू न देता आठ उपवास करतात आणि आपण पारणं वाजतगाजत करतो. शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची. मध्यरात्रीनंतर अंधारात काठी टेकत निघतो. पाय सुजतात, चक्कर येते. त्याला तप म्हणतो, अनुमोदना करतो. एका पायाच्या पोराला मात्र न विचारता डोलीत बसवतो.

वर पुन्हा कुणीतरी हळूच म्हणतंच, "पूर्वकर्म, दुसरं काय!" बरं, कर्माचीच गोष्ट काढू. आठ कर्मांत एक अंतराय. त्याचे पाच प्रकार पाठशाळेत घोकलेत ना? शेवटचा वीर्यांतराय, म्हणजे शक्तीच्या आड येणारं कर्म. आणि अंतराय बांधला कशानं जातो? दुसऱ्याच्या वाटेत विघ्न आणल्यानं. समोरच्याचा हिशेब मांडता मांडता आपल्या खात्यावर काय चढतंय, ते एकदा बघायला हवं.

लांब जायला नको. आपल्याच भोपाळच्या छोट्या तालाबात ग्वाल्हेरची प्राची यादव सराव करत आली. कमरेखालचं शरीर साथ देत नाही. आधी पोहायची, मग नावेत बसली. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये अंतिम फेरीत पोचून आठवी आली आणि २०२३ साली हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत एक सुवर्ण, एक रौप्य घेऊन आली. तिच्या घरच्यांनी "बुडलीस तर?" एवढ्यावरच विषय मिटवला असता तर?

जवानांचं उदाहरण दिलं की आपण लगेच मान डोलावतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकले. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, ते सोडा. कारगिलच्या लढाईत पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग यांनी २०१९ च्या मार्चमध्ये नाशिकला विमानातून एकट्यानं उडी घेतली. ऐकताना अंगावर काटा येतो, टाळ्या वाजतात. पण इथं एक गोम आहे. जवानाचा पाय गेला की सलाम आणि गॅसपीडितांच्या घरात पोर अधू जन्मलं की पूर्वकर्म, असं कसं?

या शहरानं तरी तसं म्हणू नये. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर जन्मलेल्या मुलांसाठी रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी बायकांनी, स्वतः गॅस सोसलेल्या, आपल्या गोल्डमन पुरस्काराच्या पैशातून 'चिंगारी' उभी केली. २०१२ साली लंडन ऑलिंपिकला डाऊ कंपनीचं प्रायोजकत्व होतं. ते ऑलिंपिक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गॅसपीडितांनी इथं भोपाळात अशा मुलांचे खेळ भरवले. तो निषेध होता हे खरंच, पण मुलं मैदानात उतरली हेही तितकंच खरं.

आईची भीती मला कळते. ती खोटी नाही. पण भीतीवर लाइफ जॅकेट असतं, सोबतीला बचावाची नाव असते, शिकलेला मदतनीस असतो. या सगळ्याला पैसा लागतो, आणि पैसा आपल्याकडे आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात खेळाबद्दल वेगळं कलम आहे, ते सरकारनं पाळावंच. पण तोवर हात बांधून बसायचं का? चातुर्मासात एकेका बोलीला किती रक्कम जाते, ते मी इथं लिहायला नको.

यंदा एक बोली पाण्यासाठी लावा. व्हीलचेअर थेट नावेपर्यंत नेणारा उतार, आधाराची बैठक असलेल्या दोन नावा, दोन मदतनिसांचा वर्षाचा पगार. बॅनर नको. आणि काय घ्यायचं हे ठरवायच्या बैठकीला ती मुलं आणि त्यांच्या आया हव्यात. सत्काराला व्यासपीठावर नकोत, चर्चेला सतरंजीवर, आपल्या शेजारी.