डोळसांची आंधळी कोशिंबीर

दृष्टिहीन वाचकाला संगणकाने वाचनाची वाट मोकळी करून दिली, या वाक्याला आजकाल कोणत्याही परिसंवादात टाळ्या पडतात. वाक्य खोटे नाही. १९७६ साली रे कुर्झवाइल यांनी छापील पान मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र लोकांसमोर ठेवले. आज ते काम खिशातला मोबाइल करतो, आणि टेसरॅक्टसारखी अक्षरे ओळखणारी प्रणाली फुकट मिळते, मराठीही वाचते. आमचा आक्षेप यंत्रावर नाही. यंत्राच्या आडोशाला जी मंडळी निवांत बसली आहेत त्यांच्यावर आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात आम्ही मराठी शिकवतो. परिपत्रके, वेळापत्रके, शिष्यवृत्तीच्या सूचना विद्यार्थ्यांपर्यंत कशा पोहोचतात ते आम्ही रोज पाहतो. मजकूर संगणकावरच टंकित होतो. तेथवर तो अक्षररूप असतो. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर तो सरळ वाचून दाखवील. मग त्याची छापील प्रत निघते, सही होते, शिक्का उमटतो आणि तो कागद स्कॅन होऊन पीडीएफच्या रूपाने सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. एव्हाना अक्षरांचे चित्र झालेले असते, आणि चित्रापुढे स्क्रीन रीडर गप्प. आता दृष्टिहीन विद्यार्थ्याने त्या चित्रातून पुन्हा अक्षरे उकरून काढायची! पीठ दळून द्यायचे आणि त्यातून गहू वेचायला सांगायचे, असा हा प्रकार. तक्रार केली की उत्तर तयार असते : ‘त्यासाठी सॉफ्टवेअर आहे ना!’

आहे, पण ते देवनागरी कसे वाचते? घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत फरक असतो तो एखाद्या वळणाचा. अनुस्वाराचे टिंब आणि स्कॅनरच्या काचेवरचा धुळीचा कण सारख्याच आकाराचे. ‘त्यांचा’ अर्ज ‘त्याचा’ होतो. शिक्का नेमका तारखेवर पडलेला असेल, तर १९ तारखेची ११ होणे अशक्य नाही. ‘घर’चे ‘धर’ झाले तर ऐकणारा वाक्यावरून ताडू शकतो. तारखेचे काय? ११ ही तारीखही १९ इतकीच खरी वाटते. चूक चुकीसारखी ऐकू आली तर माणूस सावध होतो. येथे ती बरोबर वाटते, आणि मुदत हुकल्याची शिक्षा मात्र विद्यार्थ्याला.

जुन्या ग्रंथांची गोष्ट वेगळी. ज्ञानेश्वरी आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात सांगितली गेली. तिच्या जुन्या छापील आवृत्त्या वाचायच्या तर अक्षरओळखीला पर्याय नाही. १९६२च्या नियमांनी वगळलेले अनुच्चारित अनुस्वार, तळाचे पाठभेद, ओव्यांचे आकडे यांतून वाट काढताना यंत्र अडखळेल, ते आम्ही समजून घेऊ. तेथे मूळ फाइल नाहीच. पण गेल्या तीस वर्षांतली पुस्तके संगणकावरच जुळवली गेली. त्यांतली पुष्कळशी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यांतून मजकूर उचलला तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर प्रकाशकाने करायचे की परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याने?

कायद्याची सबब चालणार नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर दृष्टिहीनांसाठी ना-नफा तत्त्वावर सुगम प्रत करणे कॉपीराइटचा भंग ठरत नाही. माराकेश करारावर मान्यतेची मोहोर उमटवणारा पहिला देश भारत, २०१४ साली. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. २०१७च्या नियमांत संकेतस्थळांवरील कागदपत्रे ईपब किंवा अक्षरओळख झालेल्या पीडीएफच्या रूपात ठेवावीत असे म्हटले होते. त्या नियमांचे स्वरूप केवळ शिफारशीचे असल्याने ते कायद्याशी विसंगत ठरवून, सक्तीचे नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी प्रकरणात बजावले. एप्रिल २०२५मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सुगमता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ‘दिव्यांग’, ‘प्रज्ञाचक्षू’ ही विशेषणे वाटताना आपला हात सढळ असतो. फाइल देतानाच तो का आखडतो?

मूळ फाइल दिली तर कोणी मजकुरात फेरफार करील, ही भीती आम्हाला वारंवार ऐकवली जाते. सहीशिक्क्याचे चित्र पुराव्यासाठी खुशाल ठेवावे. शेजारी त्याच मजकुराची युनिकोडमधली फाइल ठेवावी. ती टंकलेखकाच्या संगणकावर आधीपासूनच आहे.