आडत्या निवडताना

मंडळी, या सदरासाठी येणारे प्रश्न अलीकडे बदलले आहेत. पूर्वी आईवडील विचारायचे, मुलाला कोणत्या शाखेला घालू? आता मुलेच विचारतात, आणि त्यांचे प्रश्न शाखेचे नसतात, धंद्याचे असतात. यंदाचा प्रश्न आपल्या मंडळातल्या दोन तरुणांनी आणला. दोघे इथेच मस्कतमध्ये वाढलेले. त्यांनी बनवलेले ॲप तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर आहे. मराठीत किंवा इंग्रजीत प्रश्न बोला, ते सोप्या मराठीत उत्तर देते. मागे अर्थातच एका मोठ्या कंपनीचे एआय मॉडेल आहे, आणि त्या कंपनीचे बिल दरमहा येते. म्हणून त्यांनी विचारले, ‘सर, कोणते ॲड नेटवर्क लावू? ॲडमॉब, युनिटी, ॲपलोविन, की एआय ॲपसाठी खास निघालेले एखादे नवे?’

उत्तर त्यांना खासगीत देता आले असते. पण ॲप वापरता तुम्ही, म्हणून छापून देतो आहे.

आधी ॲड नेटवर्क म्हणजे काय ते पाहू. या अंकातल्या जाहिराती तुम्ही पाहताच. समितीचे कोणीतरी रुवीतल्या दुकानात जाते, चहा होतो, दुकानदार अर्धे पान घेतो. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी दिवाळी अंक जाहिरातदाराचा हात धरूनच चालत आले आहेत. त्यात कमीपणा काही नाही. मात्र छापील जाहिरात सगळ्यांना सारखीच दिसते. तुम्ही ते पान वाचले की त्यावर चिवडा ठेवलात, हे दुकानदाराला कधी कळत नाही.

ॲड नेटवर्कमध्ये दुकानदार समोर येत नाही. येतो तो एक आडत्या. मार्केट यार्डात शेतकरी माल आणतो, व्यापारी बोली लावतो, आणि मधला आडत्या आपली आडत कापून घेतो. इथे आडत्या तुम्हाला एक तयार सॉफ्टवेअरचा तुकडा देतो, त्याला एसडीके म्हणतात. तो ॲपमध्ये बसवायचा. मग जाहिरातीची जागा पडद्यावर आली की प्रत्येक वेळी एक चिठ्ठी बाहेर जाते: फोन कोणता, भाषा कोणती, माणूस साधारण कुठे आहे, त्याला पूर्वी कशात रस होता. डोळ्याची पापणी लवायच्या आत लिलाव होतो आणि ज्याची बोली चढी त्याची जाहिरात दिसते. यार्डात माल कांदा असतो. इथे माल कोणता, हे ज्याने त्याने ओळखावे.

आता पैशाकडे येऊ, कारण मुलांची समजूत अशी की पैसा हा सोपा भाग आहे. दर नेहमी हजार दर्शनांवर सांगतात, त्याला सीपीएम म्हणतात. त्यातला एम हा रोमन लोकांचा हजार. (आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला एवढे कंसात बोलू द्या.) साध्या खेळाच्या ॲपला आणखी एक माणूस आला तर खर्च जवळजवळ वाढत नाही. एआय ॲपचे तसे नाही. त्याला प्रत्येक प्रश्नाला पैसे मोजावे लागतात. म्हणून पहिली तुलना दोन नेटवर्कांच्या दरांत करायची नसते. हजार प्रश्नांचा खर्च एकीकडे आणि हजार जाहिरातींची मिळकत दुसरीकडे, ही खरी तुलना.

समजा ३०० घरे ॲप वापरतात आणि प्रत्येक घर दिवसाला १० प्रश्न विचारते. रोजचे ३००० प्रश्न झाले. हजार प्रश्नांना २ डॉलर खर्च धरा. रोजचे ६ डॉलर, महिन्याचे १८०. एका रियालला २.६ डॉलर हा आपला ठरलेला भाव, म्हणजे सुमारे ६९ रियाल. आता प्रत्येक उत्तराखाली एक पट्टी-जाहिरात लावा आणि हजाराला अर्धा डॉलर मिळतो असे धरा. महिन्याचे ४५ डॉलर, म्हणजे १७ रियाल. ‘जाहिरात पूर्ण बघा आणि आणखी दहा प्रश्न मिळवा’ हा बक्षिसाचा प्रकार लावला आणि हजाराला ८ डॉलर मिळाले, तर प्रत्येक घराने रोज एक जाहिरात इमानदारीने बघूनही ७२ डॉलर, म्हणजे २७-२८ रियाल. हे आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण गणिताची रचना तीच राहील. शिवाय ॲडमॉब १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे देत नाही, म्हणजे पट्टीवाल्या हिशेबात पहिली रक्कम तिसऱ्या महिन्यानंतर. मॉडेलवाली कंपनी मात्र थांबत नाही.

मराठीचा मुद्दाही याच हिशेबात येतो. गूगलच्या ॲडसेन्सने हिंदीला दार उघडले ते २०१४ च्या डिसेंबरात, आणि मराठीचा नंबर त्यानंतर लागला. तोवर निव्वळ मराठी संकेतस्थळाला ती जाहिरात नियमाप्रमाणे लावताच येत नव्हती. आज येते, पण मराठी मजकुरावर बोली लावणारे व्यापारी इंग्रजीच्या मानाने थोडे, आणि बोली लावणारे थोडे असले की भाव पडतो. हे कांद्यालाही लागू आहे. तेव्हा कोणत्याही नेटवर्कने दाखवलेला दर कोणत्या देशातला आणि कोणत्या भाषेतला, हे आधी विचारावे. अमेरिकेतला इंग्रजी दर दाखवून मस्कतचे मराठी ॲप बांधून घेणे सोपे असते.

पण या सगळ्याहून मोठा प्रश्न चिठ्ठीचा आहे.

तुम्ही या ॲपला काय विचारता, ते आठवून पाहा. मुले गृहपाठ विचारतात, ते ठीक. आजोबा विचारतात, साखरेची गोळी उपाशीपोटी घ्यायची का. कोणी रात्री एक वाजता विचारते, नोकरी गेली तर व्हिसा किती दिवस चालतो. एखादी नववीतली मुलगी, जे आईला विचारता येत नाही, ते विचारते. खेळाच्या ॲपमधून आडत्याला कळते की तुम्हाला खेळ आवडतो. एआय ॲपमधून त्याला कळू शकते की तुम्ही कशाने घाबरला आहात. नोकरीचा प्रश्न विचारणाऱ्याच्या फोनवर दुसऱ्या दिवशी झटपट कर्जाची जाहिरात आली, तर त्या माणसाचे काय होईल, हे आखातात राहणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

असे होते का? आपल्याच देशातले उदाहरण घ्या. इनमोबी ही २००७ मध्ये एमखोज या नावाने सुरू झालेली भारतीय कंपनी. बंगळूरूहून तिने जगभर नाव काढले आणि मोबाइल जाहिरातीत गूगलशी स्पर्धा केली, याचा अभिमान वाटावा असेच ते काम. जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कंपनीवर ठपका ठेवला. लोकांनी ठावठिकाण्याची परवानगी नाकारल्यावरही आसपासच्या वायफायच्या खुणांवरून त्यांचा ठावठिकाणा काढला जात होता, आणि त्यात लहान मुलांची ॲपेही होती. तडजोडीत कंपनीने साडेनऊ लाख डॉलर भरले. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ॲप बनवणाऱ्यांना सांगण्यात आले होते की परवानगीशिवाय ठावठिकाणा घेतला जात नाही. त्यांनी तेच आपल्या ग्राहकांना प्रामाणिकपणे सांगितले, आणि ते खरे नव्हते. गूगलही धुतल्या तांदळासारखे नाही. यूट्यूबवर मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याच्या प्रकरणात सप्टेंबर २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर भरावे लागले. तेव्हा मोठे नाव बघून निश्चिंत होता येत नाही.

कायदाही आता झोपलेला नाही. ओमानचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा शाही फर्मान ६/२०२२ ने आला आणि १३ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. मुलाची माहिती हाताळायची तर पालकाची संमती, आणि आरोग्यासारखी नाजूक माहिती हाताळायची तर मंत्रालयाचा परवाना. भारतात २०२३ चा कायदा आहे. तिथे १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, आणि मुलांचा माग काढून त्यांच्यावर रोखलेली जाहिरात करायला मनाई. आपल्या मुलांची पुण्यातली मावसभावंडेही हे ॲप वापरतात, म्हणजे दोन्ही कायदे या दोघांच्या दारात उभे आहेत. ‘सर, आमचे ॲप लहान आहे’ हे उत्तर वयाने लहान असलेल्यांनी द्यावे, ॲपने नाही.

आता त्या नव्या नेटवर्कांबद्दल. ती सांगतात, आम्ही माणसाचा माग काढत नाही, फक्त संभाषणाशी जुळणारी जाहिरात देतो. ऐकायला बरे वाटते. पण जुळवायचे तर संभाषण, निदान त्याचा सारांश, त्यांच्याकडे पाठवावा लागणार. दुसरे म्हणजे जाहिरात उत्तराच्या खाली राहणार की उत्तरात मिसळणार? गूगलच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या आपल्या मूळ शोधनिबंधाच्या परिशिष्टात लिहिले होते की जाहिरातीवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकणारच. पुढे काय झाले ते तुम्ही जाणता. शोधयंत्र निदान दहा दुवे दाखवते. एआय एकच उत्तर देते, आणि तेही आजीच्या आवाजात. ओपनएआयने जानेवारी २०२६ मध्ये चॅटजीपीटीत जाहिराती आजमावण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनाही सांगावे लागले की जाहिरात उत्तरापासून वेगळी राहील, १८ खालच्यांना दिसणार नाही, आणि आरोग्यासारख्या विषयांजवळ लागणार नाही. एवढ्या मोठ्यांनी आखलेली ही रेघ छोट्यांनी ओलांडायचे कारण मला दिसत नाही.

मग माझे मत काय? ३०० घरांच्या ॲपला कोणतेही नेटवर्क लावू नये. ६९ रियालांचे बिल आणि १७ रियालांची मिळकत, आणि त्यासाठी आजोबांच्या साखरेचा प्रश्न बाहेर पाठवायचा, हा सौदा यार्डातला हमालसुद्धा करणार नाही. त्याऐवजी या अंकाची जुनी रीत घ्यावी. वर्षाला सुमारे ८३० रियाल लागतात. तीन दुकानदारांनी वाटून घ्यावेत, ॲप उघडताना त्यांची नावे दिसावीत, सगळ्यांना सारखीच. प्रश्न ॲपच्या बाहेर जाऊन कोणालाही विकला जाणार नाही.

दोघांपैकी ती म्हणाली, ‘सर, हे वाढणार नाही. उद्या पुण्यात तीस हजार लोक आले तर?’ बरोबर आहे तिचे. तेव्हा नेटवर्क लागेल, आणि मी ॲडमॉब म्हणेन. त्यात मुलांसाठीची खूण लावता येते आणि व्यक्तिगत माग न काढणारी जाहिरात मागता येते. फक्त बक्षिसाचा प्रकार ठेवावा आणि तो प्रश्नाच्या पडद्यावर लावू नये. मेडिएशन नावाची सोय मात्र सुरुवातीला टाळावी. भाव चढावा म्हणून तीत पाच-सहा आडते एकत्र बोलावतात, आणि प्रत्येकाचा एसडीके तुमच्या ॲपमध्ये येऊन बसतो. एकाची चिठ्ठी कुठे जाते ते कळायला मारामार, तिथे सहा जणांची कोण वाचणार? नव्या नेटवर्कांना प्रश्नाचा मजकूर कुठे साठतो, किती दिवस राहतो आणि पुढे कोणाला मिळतो, एवढे लेखी मागावे. लेखी आले नाही, तर तेच उत्तर समजावे.

समितीला मी सुचवले आहे की पुढच्या अंकाच्या दरपत्रकात मलपृष्ठाच्या ओळीखाली ॲपची एक ओळ वाढवावी. दोन दुकानदारांशी बोलणे झाले आहे. तिसरे म्हणतात, आधी मला आठवडाभर ते वापरून बघू दे, मग पाकिटात हात घालतो.