गेटला बांधलेला जीव



आज थोडं टोचेल असं लिहिते आहे. आपण पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवण आटोपतो, मुंगी सापडू नये म्हणून फरशी पुसण्याआधी मऊ झाडू फिरवतो. आणि त्याच घराच्या गेटला तीन फुटांच्या साखळीने एक कुत्रा सकाळपासून रात्रीपर्यंत बांधलेला असतो. कोराडीत, महादुल्यात नवे लेआउट पडले, बंगले झाले, राखणीला कुत्रे आले. त्यात आपल्या समाजाची घरंही आहेत.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत सगळ्यांनी पाठ केलेत. मारणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं, हे सगळं नंतर येतं. पहिला आहे बंध. बांधावंच लागलं तर आग लागल्यावर त्या जीवाला सुटून पळता येईल इतकं सैल बांधावं, एवढा बारीक विचार आपल्या आचार्यांनी करून ठेवला आहे. आपण मात्र चतुर्दशीला गोशाळेत चाऱ्याचे पैसे पाठवतो आणि घरी आल्यावर साखळीचा आवाज ऐकू येत नाही.

सरकारचा कायदाही हेच सांगतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये, जनावराला फार आखूड साखळीने फार वेळ बांधणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने न फिरवणं हा वेगळा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये. तेवढ्याला कोण भितं! म्हणून मी कायद्याच्या नव्हे, व्रताच्या भाषेत बोलते आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं. “अगं, बाहेर नेला की इतका ओढतो, हात निखळून येतो. पडले असते मी.” खरं आहे. पण दिवसभर बांधलेला जीव सुटल्यावर ओढणार नाही तर काय करेल? तो ओढतो म्हणून आपण नेत नाही, आणि नेत नाही म्हणून तो ओढतो.

मग दुकानदार दोन उपाय विकतो. एक, गळ्यात आवळणारी साखळी किंवा आतून बोथट काटे असलेला पट्टा. ओढलं की गळा दाबला जातो, म्हणून कुत्रा ओढत नाही. हे शिकवणं नाही, दुखवणं आहे. ज्या घरात णमोकार म्हटला जातो त्या घरात ही वस्तू येऊच नये. दुसरा उपाय म्हणजे कमरेला बांधायचा दोर, ‘हँड्स-फ्री’ म्हणतात तो. वस्तू चांगली आहे, मी रोज वापरते. पण तो पट्टा कुत्र्याला काही शिकवत नाही. न शिकवलेला कुत्रा कमरेला बांधला तर हात निखळण्याऐवजी तुम्ही सगळ्याच आडव्या व्हाल, आणि पट्टा दोन दिवसांत माळ्यावर जाईल.

तेव्हा शिकवणं आधी, कंबर नंतर. पहिले काही आठवडे दोर हातातच. सुरुवात घरात, मग अंगणात, मग गल्लीत, रस्ता सगळ्यात शेवटी. कुत्रा तुमच्या डाव्या पायाशी आला की तिथेच, सलवारीच्या शिवणीजवळ, खाऊ द्यायचा. पुढे धरायचा नाही, नाहीतर तो पुढेच धावेल. दोर ताणला की खांबासारखं उभं राहायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. तो वळून दोर सैल करेल त्या क्षणी “शाबास” आणि पुढे चालायचं. फारच ओढला तर तुम्हीच उलट दिशेने वळा. एका वेळी दहा मिनिटं पुरे. कुत्र्याला कळायचं ते एवढंच, की ओढून कुठेच पोचता येत नाही आणि पायाशी राहिलं की सगळं मिळतं. पण नियम घरात सगळ्यांचा एक हवा. तुम्ही थांबता आणि संध्याकाळी मुलगा त्याच्या मागे फरफटत जातो, असं चाललं तर काही उपयोग नाही.

खाऊ आपल्याच स्वयंपाकघरातला चालतो. मुरमुरे, काकडीचे तुकडे, चिमूटभर पनीर. (कांदा-लसूण कुत्र्यालाही विषारीच. या बाबतीत तो आपल्याहून कडक श्रावक!)

दोर सैल ठेवून रस्ताभर चालायला लागला की मग कंबर. पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा, आणि बक्कल एका झटक्यात सुटणारं हवं. कुत्र्याच्या बाजूला दोर छातीच्या पट्ट्याला लावा, गळ्याला नको. गुडघे दुखत असतील, दिवस गेले असतील किंवा कुत्रा भारी असेल तर सरळ हातात धरा.

आणि मोकळे झालेले हात मोबाइलसाठी नाहीत. ईर्यासमिती मुनींची, हे मान्य. पण चार हात जमीन पाहून चालायला श्रावकाला कोणी मनाई केलेली नाही. कोराडीच्या रस्त्याला वीज केंद्राकडचे मालट्रक चालतात, नवरात्रात जगदंबेच्या यात्रेची गर्दी असते. कुत्रा पायाशी आणि नजर रस्त्यावर, एवढं तरी हवंच.

एक काकू म्हणाल्या, “कुत्रा मांसाहारी जीव, त्याला पोसणं म्हणजे असतीपोषण.” काकू, तो दोष अशा प्राण्यांना पोसून त्यावर पोट भरण्याच्या धंद्यासाठी सांगितला आहे. आणि समजा तुमचंच बरोबर, तर आणायच्या आधी विचार करायचा होता. मी कोणाला कुत्रा आणा म्हणत नाही. जो आणला, ज्याच्याकडून राखण करून घेता, त्याच्याबद्दल बोलते आहे. मार खाऊन मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात जीवंधरकुमारांनी णमोकार सांगितला आणि तो यक्ष झाला, ही कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. मुलं ती ऐकून उठतात आणि गेटवरचा कुत्रा बघतात.

वेळ नाही, हे कारण मला पटत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे नऊ वाजताच डांबर तापतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा, पाच-सहा सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजे पोळतील. म्हणून दर्शनाला निघण्याआधी, उजाडताच न्या. चातुर्मासात गवतातून नेऊ नका, तिथे जीव फार असतात. मोकळा रस्ता बघा. संध्याकाळचं जेवण तर आपलं लवकरच होतं, त्यानंतरचा अर्धा तास मालिकेला जातो तो त्याला द्या.