राणीचा केक आणि पुराव्याची कसोटी

१/ फ्रान्समध्ये उपासमार चालू होती. लोकांना पाव मिळेनासा झाला आहे, असे राणी मारी आंत्वानेतच्या कानावर घातले गेले; त्यावर ती म्हणाली, मग त्यांनी केक खावा. फ्रेंच राज्यक्रांतीविषयी दुसरे काही ठाऊक नसलेल्यालाही ही गोष्ट ठाऊक असते. पण तिला पुरावा कोणता? #थ्रेड

२/ उगम शोधत गेल्यास वाट रूसोच्या 'कन्फेशन्स' या आत्मचरित्राच्या सहाव्या प्रकरणापाशी पोहोचते. चोरून मिळवलेल्या वाइनबरोबर खायला रूसोला पाव हवा होता. पण भरजरी पोशाखात पाववाल्याच्या दुकानात शिरण्याची त्याला लाज वाटली. तेव्हा त्याला एका 'थोर राजकन्ये'चे असे उद्गार आठवले. तिचे नाव त्याने दिलेले नाही. शिवाय पदार्थ केक नसून 'ब्रिओश', म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव आहे.

३/ आता सनावळी पाहावी. रूसोने सांगितलेला प्रसंग १७४०च्या सुमाराचा. हे प्रकरण त्याने लिहिले १७६०च्या दशकात. मारी आंत्वानेतचा जन्म २ नोव्हेंबर १७५५चा, व्हिएन्नामधला; ती फ्रान्सला आली १७७० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी. प्रसंग घडला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. केवळ तीन तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की आख्यायिका कोसळते.

४/ आणखी एक साक्ष आहे. सोळाव्या लुईचा भाऊ, पुढे अठरावा लुई म्हणून गादीवर आलेला, याने १७९१मधल्या आपल्या पलायनाची हकीकत लिहिली. तीत असेच उद्गार तो चौदाव्या लुईच्या राणीच्या, मारी तेरेझच्या तोंडी घालतो. म्हणजे खुद्द दिरानेही ही गोष्ट वहिनीची म्हणून सांगितलेली नाही. शतकापूर्वीच्या दुसऱ्याच राणीची म्हणून सांगितली आहे.

५/ क्रांतिकाळातील निंदापत्रकांनी राणीवर नाही नाही ते आरोप केले. परंतु त्या ढिगाऱ्यातही हे वाक्य तिच्या नावावर सापडत नाही. १८४३मध्ये आल्फाँस कार या फ्रेंच पत्रकाराने हे श्रेय चुकीचे असल्याचे लिहिले होते. खंडन होऊन पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आख्यायिका ठणठणीत आहे.

६/ बहुतेक 'मिथकभंजक' लेखन येथे थांबते, आणि खरा धोका येथूनच सुरू होतो. वाक्य खोटे, म्हणून भूकही खोटी, असा निष्कर्ष अलगद निघतो. वस्तुतः १३ जुलै १७८८च्या गारपिटीने पिके झोडपली होती. १७८९मध्ये पॅरिसला चार पौंडांच्या पावाला साडेचौदा सू मोजावे लागत. मजुराची दिवसाची मिळकत साधारण वीस ते तीस सू. त्या ऑक्टोबरात स्त्रिया पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या, त्या कोणाच्या उद्गारांनी चिडून नव्हे.

७/ बॅस्तिलची तीच गत. १४ जुलै १७८९ रोजी किल्ल्यात अवघे सात कैदी होते: चार बनावट दस्तऐवज करणारे, दोन वेडसर आणि घरच्यांच्याच विनंतीवरून डांबलेला एक उमराव. हे खरे. पण त्यावरून 'बॅस्तिलचा पाडाव म्हणजे नुसता देखावा' असे म्हणणारे हे विसरतात की, जमाव मुख्यतः दारूगोळ्यासाठी आला होता. बंदुका त्याच सकाळी आँव्हालिदमधून हाती आल्या होत्या. दारू बॅस्तिलमध्ये होती.

८/ अफवा तपासली नाही तर काय बिघडते, याचे उत्तर क्रांतीनेच दिले आहे. १७८५च्या हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणात राणीचा हात नव्हता. ठगांनी तिचे नाव वापरले होते. न्यायालयात ते उघडही झाले. लोकमताने मात्र तिलाच दोषी धरले, आणि पुढच्या प्रत्येक कुजबुजीला तयार श्रोता मिळाला.

९/ ऑक्टोबर १७९३मध्ये ती क्रांतिकारी न्यायासनापुढे उभी राहिली. वृत्तपत्रकार एबेर याने साक्षीत तिच्यावर पोटच्या मुलाशी अनैतिक संबंधांचा आरोप केला. आधार काय, तर आईपासून तोडलेल्या आठ वर्षांच्या मुलाकडून सही करून घेतलेला जबाब. वर्षानुवर्षे पत्रकांतून फिरलेल्या घाणेरड्या कुजबुजीने आता आरोपाचे रूप घेतले. १६ ऑक्टोबरला तिचा शिरच्छेद झाला.

१०/ आणि येथेच विलक्षण विरोधाभास आहे. एक गंभीर आरोप खरा होता. २६ मार्च १७९२च्या पत्रात तिने फ्रान्सच्या लष्करी योजनेची माहिती ऑस्ट्रियाचा माजी राजदूत मेर्सी याला कळवली होती. महिन्याभरातच युद्ध जाहीर झाले. फितुरीचा आरोप न्यायासनाने ठेवला, पण हे पत्र त्याच्यापुढे नव्हते. असा पत्रव्यवहार अभिलेखागारांतून प्रसिद्ध झाला तो एकोणिसाव्या शतकात.

११/ कागद बोलतात, पण सावकाश. स्वीडिश उमराव फेर्सन याच्याशी राणीचा जो पत्रव्यवहार झाला, त्यातील काही ओळी शाईने खोडलेल्या होत्या. २०२१मध्ये क्ष-किरण तंत्राने शाईतील धातूंचे प्रमाण तपासून त्यांतील बऱ्याच ओळी वाचता आल्या; खाडाखोड खुद्द फेर्सननेच केल्याचेही दिसून आले. सव्वादोनशे वर्षांनंतरही 'खोडले कोणी?' या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर मिळू शकते.

१२/ मराठी वाचकाला ही शिस्त परकी नाही. १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढताना राजवाड्यांनी बखरी आणि समकालीन अस्सल पत्रे यांतील फरक ठामपणे मांडला. बखर टाकाऊ ठरत नाही. नंतरच्या पिढीने काय लक्षात ठेवले, हे ती सांगते. मात्र 'काय घडले' याची साक्ष आधी समकालीन कागदाने द्यावी. केकची गोष्ट ही फ्रान्सची बखरच होय.

१३/ म्हणून कोणत्याही क्रांतीविषयीचा दावा पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न पुरेत. हे प्रथम कोणी लिहिले? घटनेनंतर किती वर्षांनी? लिहिणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग होता का? आणि विरुद्ध बाजूच्या, स्वतंत्र साधनांत त्याला दुजोरा मिळतो का?

१४/ पाचवा प्रश्न सर्वांत अवघड: हा दावा आपल्याला आवडतो म्हणून तर खरा वाटत नाही? राजेशाहीचा तिटकारा असणाऱ्याला केक हवासा वाटतो, क्रांतीचा तिटकारा असणाऱ्याला सात कैदी. ज्या दाव्याने आपली बाजू भक्कम होते, त्याचीच तपासणी आधी आणि अधिक कठोर व्हावी.

१५/ मारी आंत्वानेतला निष्पाप ठरवण्यासाठी हा खटाटोप नाही. तिने न उच्चारलेले वाक्य जगाच्या तोंडी आहे आणि तिने खरोखर लिहिलेले पत्र फारच थोड्यांना माहीत आहे. दोषारोप करायचाच असेल तर तो त्या पत्राच्या आधारे करावा. मृतांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. निदान त्यांच्यावरचा पुरावा तरी खरा असावा. (समाप्त)