घाव आणि गुंगी

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाला गोळीबार नवा नाही. जानेवारी १९५६ मध्ये भाषेच्या प्रश्नावर तेथे रक्त सांडले. एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर निपाणीत पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. हुतात्म्यांना आपण अभिवादन करतो. परंतु ज्यांनी आपले माणूस डोळ्यांदेखत गमावले, त्यांना पुढे झोप कशी लागली, हे कोणी विचारले काय?

अशा घावावर आपल्या समाजाचा उतारा ठरलेला आहे. पुरुषाने दारू किंवा विडी जवळ करावी, बाईने मिश्री. धूर ओढताच काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते व जीव निवल्यासारखा वाटतो. थोड्याच वेळात तलफेची बेचैनी सुरू होते. तिलाच जुने दुःख समजून माणूस पुन्हा विडी पेटवितो. दारूने डोळा लवकर लागतो खरा. पण उत्तररात्री झोप मोडते आणि स्वप्नांच्या झोपेचा क्रम विस्कटतो. भयाची आठवण सुरक्षित जागी, शुद्धीत, विश्वासाच्या माणसापाशी बोलली गेली, तर तिची धार हळूहळू बोथट होते. नशा ती आठवण पुसत नाही, केवळ तहकूब करते.

काही मादक द्रव्येच औषध ठरतील, असेही आज म्हटले जाते. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून एमडीएमए वापरण्याची मर्यादित मुभा मानसोपचारतज्ज्ञांना दिली. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता नाकारली. परंतु या उपचारातही द्रव्याच्या जोडीला तज्ज्ञाशी दीर्घ संवाद असतो. गुत्त्यात तो कोठून यावा?

निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांची व्यथा लिहिणाऱ्या अनिल अवचटांनी व डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभारले. तेथेही बाटली हिसकावण्यापेक्षा माणसाला बोलते करण्यावर भर आहे.

आणि माणूस रडतो, बोलतो तो मातृभाषेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पहिला प्रयोग १९८५ च्या सुमारास कर्नाटकातील बल्लारीतच झाला, तेव्हा त्या सरकारला हा विषय अपरिचित नाही. सीमाभागातील सरकारी रुग्णालयांत मराठी जाणणारा समुपदेशक नेमणे, ही मागणी सीमावादाच्या निकालासाठी थांबण्याचे कारण नाही. स्वस्त दारू घाटापलीकडे जाऊ देणाऱ्या गोव्यानेही आपला वाटा ओळखावा. हुतात्म्यांच्या स्मारकाला हार घालणाऱ्यांनी त्यांच्या घरच्यांचे ऐकून घेणारा एक माणूस तरी मागावा.