पासपोर्ट नसलेल्या मुलांसाठी

माननीय प्राचार्य आणि अभ्यासदौरा समितीचे सदस्य,



मागच्या वर्षी नेदरलँड्सच्या दौऱ्याला गेलेल्यांपैकी मी एक. या दौऱ्याने मला काय दिलं ते सांगून एक मागणी करायची आहे.

माझं घर सांगलीजवळ, कृष्णाकाठी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या स्वयंपाकघरात ते फळीवरच्या डब्यांपर्यंत चढलं होतं. ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली गढूळ रेघ वडिलांनी दिवाळीआधी चुन्याने झाकली. त्या दिवसांत आम्ही छावणीत होतो हे मी वर्गात कधीच बोलले नाही. पूरग्रस्त म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत जी कीव येते, ती मला नको होती.

समुद्राचं पाणी अडवणाऱ्या, रॉटरडॅमजवळच्या मास्लांत अडथळ्याचे २१० मीटर लांबीचे दरवाजे पाहून सगळेच थक्क झालो. पण मी थबकले ती आम्स्टरडॅमच्या नगरभवनात. तिथे पाण्याने भरलेले काचेचे तीन नळ आहेत. दोन नळांत समुद्राची त्या क्षणाची पातळी दिसते, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. तिसऱ्यात १९५३ च्या पुराची खूण आहे, शून्यापासून ४.५५ मीटर. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. मी मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. आम्ही चुन्याने झाकलेली रेघ या लोकांनी भर शहरात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी उभी केली होती.

त्याच संध्याकाळी आमच्या गटाच्या चर्चेत मी पहिल्यांदा उठून बोलले. इंग्रजी अडखळत होतं, तरी डब्यांपासून छावणीपर्यंत सगळं सांगितलं. एकाने विचारलं, ‘गल्लीत कुठल्या घरात किती पाणी आलं, याची नोंद कुणाकडे आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परतल्यावर सर्व्हेच्या प्रयोगशाळेतून लेव्हल आणि स्टाफ मागून घेतला. मैत्रिणींना घेऊन गल्लीतल्या ३१ घरांवरच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या खुणा मोजल्या. जुनी माणसं दारात येऊन बोट ठेवून दाखवत होती. वडिलांनी आमच्या भिंतीचा चुना स्वतः खरवडला.

आता मागणी. दौऱ्याची नोटीस लागते तेव्हा अर्जाला दहा दिवस असतात आणि पासपोर्ट आधीच हवा अशी अट असते. माझ्याकडे तो निव्वळ योगायोगाने होता. मस्कतच्या मामाने मामीच्या बाळंतपणाला बोलवायचं म्हणून आईचा आणि माझा काढून ठेवला होता. ते जाणं राहून गेलं. माझ्या दोन मैत्रिणी अभ्यासात माझ्यापेक्षा सरस, पण त्यांनी फॉर्मही भरला नाही. पोलिस पडताळणी धरून दहा दिवसांत पासपोर्ट येईलच, याची खात्री कोण देणार? या अटीमुळे निवड होण्याआधीच गावाकडची मुलं गळतात. तुमच्या मनात तसं नसेल, पण होतं तसंच.

नोटीस सहा महिने आधी लावा. निवड झाल्यावर पासपोर्ट काढायला मुदत द्या. दौऱ्याचे पैसे हप्त्याने घ्या. ऊस गेल्यावर बिल हातात येतं, तोवर आमच्या घरांत रोकड नसते.

पासपोर्टचा ऑनलाइन अर्ज भरणं, कागद जुळवणं मला आता जमतं. तुम्ही वाचनालयात एक टेबल द्या. दर शनिवारी दुपारी दोन ते चार मी तिथे मदतीला बसेन.

आपली विद्यार्थिनी,
स्थापत्य अभियांत्रिकी, तृतीय वर्ष